वॉल्यूमचं बटण सैनिकाच्या हातात द्या: सैनिकी हॉस्पिटलं चालवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
सैनिकी हॉस्पिटलांचे प्रमुख, पुनर्वसन केंद्रांचे संचालक आणि माजी सैनिकांच्या कल्याणाच्या फायलींवर सह्या करणारे सगळे साहेब आणि मॅडम,

नमस्कार.

सरळ मुद्द्यावर येते. तुमच्या वार्षिक अहवालांत हल्ली "म्युझिक थेरपी" हे शब्द दिसायला लागलेत. वाचून बरं वाटतं, पण जरा खाली गेलं की कळतं, एक दिवस ऑर्केस्ट्रा आला होता, हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, व्हीलचेअरवाल्यांना पहिल्या रांगेत बसवलं, साहेबांचं भाषण झालं, दोन तास गाणी झाली, फोटो निघाले आणि झाली थेरपी. कार्यक्रम करू नका असं मी म्हणत नाहीये, जरूर करा, वॉर्डात पडून पडून माणूस वैतागतो आणि चांगलं गाणं कुणाला नको असतं. फक्त त्याला थेरपी म्हणू नका, कारण तसं म्हटलं की खऱ्या थेरपिस्टची मागितलेली पोस्ट "ते आपल्याकडे ऑलरेडी आहे की" म्हणून उडवली जाते. मी म्युझिक थेरपिस्ट आहे, ड्युटीवरच्या आणि रिटायर झालेल्या अशा दोन्ही सैनिकांबरोबर काम करते, आणि हे "आहे की" इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी पत्र लिहायला बसले.

गंमत म्हणजे आमचा हा पेशा बराचसा तुमच्याच वॉर्डांत वाढलाय. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांची हॉस्पिटलं भरली तेव्हा गाणारे-वाजवणारे लोक आपणहून तिथे जायला लागले, आणि नर्सच्या, डॉक्टरांच्या लक्षात आलं की काही पेशंटमध्ये नुसतं मन रमण्यापलीकडे काहीतरी होतंय. १९१९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मार्गारेट अँडरटन यांनी यावर कोर्स शिकवला, त्या स्वतः कॅनडाच्या जखमी सैनिकांबरोबर काम केलेल्या होत्या. मग दुसरं महायुद्ध आलं, पेशंट आणखी वाढले, आणि अमेरिकेच्या युद्ध खात्यानं १९४५ मध्ये सैनिकी हॉस्पिटलांत संगीत कसं वापरायचं याचं रीतसर तांत्रिक बुलेटिनच काढलं, त्यात व्यायामाला जोड म्हणून संगीत, माणसांत परत मिसळायला संगीत, मानसिक आजाराच्या पेशंटसाठी संगीत असं सगळं होतं. त्याच सुमारास हेही लक्षात आलं की वाजवणारा कितीही चांगला असला तरी समोरच्या पेशंटला आत्ता काय झेपेल हे त्याला कळेलच असं नाही, त्याचं वेगळं शिक्षण लागतं. १९४४ मध्ये मिशिगन स्टेट कॉलेजात म्युझिक थेरपीचा डिग्री कोर्स सुरू झाला, १९५० मध्ये अमेरिकेत म्युझिक थेरपीची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. म्हणजे "नुसता कलाकार पाठवून भागत नाही" हा शोध सैनिकी हॉस्पिटलांनीच लावला, आणि आज तीच हॉस्पिटलं परत नुसता कलाकार पाठवतायत, हे जरा विचित्र आहे की नाही?

आता मुख्य गोष्ट. संगीत म्हणजे शांत, गोड, मनाला आराम देणारं काहीतरी, असं तुम्ही धरून चालता. सैन्याला तरी हे माहीत असायला हवं की तसं नसतं. १९८९ च्या डिसेंबरात पनामाचा हुकूमशहा नोरिएगा तिथल्या व्हॅटिकनच्या दूतावासात लपून बसला होता तेव्हा अमेरिकन सैन्यानं बाहेरून दिवसरात्र कर्कश रॉक संगीत लावलं होतं. ग्वांतानामोच्या अमेरिकन लष्करी तुरुंगात कैद्यांवर मोठ्या आवाजातल्या गाण्यांचा मारा झाला तो तर याच शतकातला. म्हणजे हेच संगीत शस्त्र म्हणून वापरता येतं हे सैन्याला पक्कं ठाऊक आहे, फक्त स्वतःच्या वॉर्डात आलं की ते विसरलं जातं.

आणि हे फक्त शत्रूच्या बाबतीत नाही. इराकमध्ये कितीतरी सैनिक पेट्रोलिंगला निघायच्या आधी हेडफोन लावून किंवा गाडीतच दणदणीत मेटल नाहीतर रॅप ऐकायचे, अंगात रग यायला. आता विचार करा, तो माणूस घरी आलाय, पीटीएसडी आहे, म्हणजे भयंकर प्रसंगाचा मनावरचा आघात अजून गेलेला नाही, झोप नाही, आणि तेच गाणं दुकानात कुठेतरी लागलं. छाती धडधडायला लागते, हाताला घाम, नजर दार शोधते. बाकीच्यांसाठी ते नुसतं एक गाणं असतं, त्याच्या शरीराला मात्र सांगितलं जातं की निघायची वेळ झाली. कुणाला ढोलाचा अचानक ठोका चालत नाही, कुणाला झांजेचा, कुणाला बिगुल ऐकवत नाही कारण त्या सुरावर त्यानं मित्राला निरोप दिलेला असतो. हे आधी विचारल्याशिवाय कळत नाही, आणि तुमच्या ऑर्केस्ट्रावाल्याला ते विचारायचं असतं हेच माहीत नसतं.

त्यात कान. तोफा, स्फोट, इंजिनं, हेलिकॉप्टर यांच्या सान्निध्यात वर्षं काढलेल्या माणसाचे कान शाबूत नसतात. अमेरिकेत माजी सैनिकांना नोकरीमुळे आलेलं अपंगत्व म्हणून जे काही नोंदलं जातं त्यात कानात सतत आवाज येणं, म्हणजे टिनिटस, पहिल्या नंबरवर आहे. अशा माणसाला स्पीकरसमोर पहिल्या रांगेत बसवायचं, मागचं दार गर्दीनं अडलेलं, आणि मधेच उठला तर "साहेब, कार्यक्रम आवडला नाही का?" असं विचारायचं. तो उठत नाही हो. शिस्तीचा माणूस आहे, दात दाबून दोन तास बसतो, टाळ्या वाजवतो, आणि रात्री वॉर्डातल्या नर्सला कळतं काय झालं ते.

मग आम्ही वेगळं काय करतो? पहिल्या भेटीत बहुतेक वेळा काहीच वाजत नाही. बोलणं होतं, कुठले आवाज चालतात, कुठले नाही, पूर्वी काय ऐकायचास, तिकडे असताना काय ऐकायचास, काय ऐकायचं बंद केलंस, कुठे बसायला आवडेल. खुर्ची बहुतेक जण दाराकडे तोंड करून घेतात, घेऊ द्यायची. आणि मग एक साधा नियम, जो मला बाकी सगळ्या तंत्रांपेक्षा महत्त्वाचा वाटतो, की आवाज कधी सुरू होणार, केवढा होणार आणि कधी थांबणार हे त्यानं ठरवायचं. रिमोट त्याच्या हातात, ड्रमची काठी त्याच्या हातात, हात वर केला की सगळे थांबणार. ज्या माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात भयंकर आवाज त्याला न विचारता आला आणि थांबवता आला नाही, त्याला मोठा आवाज स्वतः काढता येणं आणि स्वतः थांबवता येणं यात किती फरक आहे हे कागदावर समजत नाही, एकदा खोलीत बसून बघा, अर्थात त्याची परवानगी घेऊन.

इस्रायलमध्ये पीटीएसडी असलेल्या सहा सैनिकांबरोबर ग्रुपमध्ये ड्रम वाजवण्याचं काम झालं, २००८ मध्ये त्याचा पेपर आला. त्यात मोकळेपणा, आपण एकटे नाही ही जाणीव, राग बाहेर पडणं, आणि परत ताबा आल्याची भावना अशा गोष्टी दिसल्या. सहाच माणसं, त्यामुळे त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढता येत नाहीत, पण ग्रुपमध्ये जे होतं त्याचं वर्णन मला ओळखीचं वाटतं. सुरुवातीला प्रत्येक जण आपापलं बडवत असतो, एखादा इतका जोरात की बाकीचे दचकतात, मग हळूहळू कुणीतरी दुसऱ्याचा ठेका ऐकायला लागतो. एकत्र पावलं टाकायची सवय तर यांच्या हाडात असते, कवायत म्हणजे तरी काय, ताल आणि श्वास! फरक एवढाच की इथे ऑर्डर कुणी देत नाही. आणि ऑर्डर देणारा कुणी नसताना काय करायचं हा प्रश्न गणवेश उतरवलेल्या माणसाला घरीसुद्धा पडलेला असतो, तो इथे छोट्या स्वरूपात समोर येतो.

आणखी एक गोष्ट आम्ही वापरतो ती जुनी आहे, १९४० च्या दशकात आयरा आल्टशुलर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं मांडलेली, की पेशंट ज्या मूडमध्ये आहे त्याला जुळणारं संगीत आधी लावायचं आणि मग तिथून हळूहळू हव्या त्या दिशेला सरकायचं. म्हणजे चिडलेल्या माणसाला थेट बासरी नाही ऐकवायची. तो आणखी चिडतो, आणि बरोबरच आहे त्याचं. आधी त्याच्या रागाच्या वेगाचं काहीतरी, मग थोडं कमी, मग आणखी कमी. गाण्याचंही तसंच, लांब ओळ म्हणायची म्हणजे श्वास सावकाश सोडावा लागतो, आणि श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, हे त्याला "दीर्घ श्वास घ्या, रिलॅक्स व्हा" न सांगता होतं. रिलॅक्स व्हा हे वाक्य ऐकून आजपर्यंत कुणी रिलॅक्स झालेलं मी तरी पाहिलं नाहीये.

मनाचं झालं, पण तुम्हाला कदाचित माहीत नसेल की आमचं अर्धं काम मेंदूच्या आणि शरीराच्या इजांवरच असतं. स्फोटाच्या धक्क्यानं, पडण्यानं, गाडीच्या अपघातानं डोक्याला मार लागतो, अमेरिकेच्या सैन्यात २००० सालापासून अशा मेंदूच्या इजांची ४ लाखांहून जास्त निदानं झालीत. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा होऊन बोलणं गेलेला माणूस कधीकधी शब्द बोलू शकत नाही पण गाऊ शकतो, हे डॉक्टरांनी फार पूर्वीपासून पाहिलेलं. त्यावरून १९७३ मध्ये बोस्टनच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलमधल्या मंडळींनी एक पद्धत मांडली, छोटी वाक्यं दोन-तीन सुरांत म्हणायची, डाव्या हातानं ठेका द्यायचा, आणि मग सूर हळूहळू काढून घेत बोलण्याकडे यायचं. आज जगभर ती वापरतात. तीही तुमच्याच घरातली आहे बघा! चालण्याचंही असंच, ठरावीक ठेका कानावर पडला की पाय त्याला जुळवून घेतात, मायकेल थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात यावर भरपूर काम केलं आणि ते फिजिओथेरपीच्या बरोबरीनं वापरलं जातं. माझ्या अनुभवात फिजिओवाले आमचे सगळ्यात चांगले मित्र असतात, कारण त्यांना फरक पावलांत मोजता येतो.

हातपाय गमावलेल्यांचं मात्र वेगळं सांगायला हवं. पॉल विटगेनस्टाइन नावाचा पियानिस्ट पहिल्या महायुद्धात लढायला गेला, १९१४ मध्ये जखमी झाला आणि उजवा हात गेला. रशियनांच्या कैदेत असताना लाकडी खोक्यावर डाव्या हाताची बोटं आपटत त्यानं सराव सुरू केला म्हणतात, आणि नंतर राव्हेलसारख्या संगीतकारांकडून फक्त डाव्या हातानं वाजवायच्या रचना लिहून घेतल्या आणि स्टेजवर वाजवल्या. प्रत्येक जण विटगेनस्टाइन नसतो, त्याच्याकडे प्रतिभा होती आणि घरचा पैसाही होता. पण वाद्य माणसाच्या शरीराप्रमाणे बदलता येतं ही गोष्ट साध्या शिपायालाही लागू पडते. स्ट्रॅप लावून तारा छेडायचा पिक धरता येतो, गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजते, एका हाताचा कीबोर्ड बसवता येतो, पायानं ट्रिगर होणारी पॅडं मिळतात. यासाठी थेरपिस्ट, फिजिओ आणि कृत्रिम अवयव बनवणारा तंत्रज्ञ एका टेबलावर बसावे लागतात, आणि ते टेबल तुम्ही घालून द्यावं लागतं.

आता गाणी लिहिण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे तुमच्याकडून सगळ्यात जास्त नुकसान होतं.

बऱ्याच सैनिकांच्या डोक्यात जे अडकलेलं असतं ती भीती नसते, लाज असते. आपण केलं ते, आपण केलं नाही ते, जो वाचला नाही तो, आपण वाचलो हे. समोर बसून "सांगा काय झालं" म्हटलं की तोंड बंद. पण गाणं लिहू म्हटलं की कधीकधी वाट मिळते, कारण गाण्यात "मी" म्हणायलाच हवं असं नाही, "तो" म्हणता येतं, रस्त्याबद्दल लिहिता येतं, बुटांबद्दल लिहिता येतं, आणि सगळं सांगावंही लागत नाही, एक ओळ परत परत म्हटली तरी चालतं. चाल कशी हवी, कुठे थांबायचं, कुठला शब्द नकोच, हे सगळे निर्णय त्याचे. काही जण ते रेकॉर्डिंग बायकोला ऐकवतात, जे समोरासमोर बोलणं वर्षानुवर्षं जमलं नाही ते असं पोचतं. काही जण कुणालाच ऐकवत नाहीत. काही जण लिहून झाल्यावर डिलीट करून टाकतात, आणि तेही बरोबर आहे.

आणि मग तुमच्या ऑफिसातून फोन येतो. "मॅडम, वर्धापनदिनाला त्या गाण्याचा छोटासा परफॉर्मन्स ठेवू या का, मंत्री येणारेत." नाही, ठेवू या नको! ते गाणं त्याच्या मेडिकल फाइलचा भाग आहे, त्याचा एक्सरे तुम्ही स्टेजवर लावाल का? तो हो म्हणेल, कारण विचारणारा त्याच्यापेक्षा वरच्या हुद्द्याचा आहे, आणि त्या "हो"ला संमती म्हणत नाहीत. कुणाला खरंच गायचं असेल, लोकांसमोर यायचं असेल, तर ते त्यानं थेरपिस्टशी बोलून स्वतः सुचवावं, तारीख त्यानं ठरवावी, आणि ऐनवेळी नको वाटलं तर कुणी कारण विचारू नये. गाणं सार्वजनिक झालं की परत घेता येत नाही, आणि तीन मिनिटांच्या टाळ्यांनंतर तो एकटाच खोलीत असतो.

पुराव्याचं काय, हे तुम्ही विचारणारच आणि विचारायलाच पाहिजे. प्रामाणिकपणे सांगते, सैनिकांवरचे अभ्यास आहेत पण बरेचसे छोटे आहेत, तुलनेला गट नसलेले आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी पद्धत वेगळी आहे. म्युझिक थेरपी पीटीएसडी "बरा करते" असं कुणी सांगत असेल तर त्याला दाराबाहेरचा रस्ता दाखवा. आमचं काम औषधाच्या किंवा मनावरच्या आघातासाठी असलेल्या बोलण्याच्या थेरपीच्या जागी नाहीये, बरोबरीनं आहे, कधी आधी. बोलण्याच्या थेरपीत आठवणींना थेट सामोरं जावं लागतं आणि ते न झेपून मध्येच सोडून जाणारे बरेच असतात हे तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारा. जो माणूस त्या खोलीत पायच ठेवत नाही तो "गिटार शिकायचीय" म्हणून आमच्या खोलीत येतो, आणि काही महिन्यांनी पलीकडच्या खोलीतही जायला तयार होतो. याच कारणानं मोठ्या केंद्रांनी ही थेरपी टीमच्या आत घेतली. वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डामध्ये वॉल्टर रीड सैनिकी हॉस्पिटलच्या आवारात २०१० मध्ये मेंदूच्या इजांसाठी खास केंद्र उघडलं, तिथल्या काही आठवड्यांच्या कार्यक्रमात न्यूरॉलॉजिस्ट, सायकॉलॉजिस्ट, फिजिओ यांच्याबरोबर म्युझिक आणि आर्ट थेरपिस्ट बसतात, एकाच पेशंटबद्दल एकाच मीटिंगमध्ये बोलतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीनं पुढे हेच काम क्रिएटिव्ह फोर्सेस नावानं इतर सैनिकी केंद्रांपर्यंत नेलं. तुम्हाला अभ्यास कमी वाटत असतील तर आपल्याकडे नोंदी ठेवायला सुरुवात करा ना, झोप, वेदना, किती जण येत राहिले, किती जण पुढच्या उपचाराला गेले. मी फॉर्म भरायला एका पायावर तयार आहे.

शिकवणं आणि थेरपी यांतला फरकही स्पष्ट ठेवू या, दोन्ही लागतात. २००७ मध्ये अमेरिकेत मिलवॉकीला एक गिटार शिक्षक आणि व्हिएतनाममध्ये लढलेला एक मरीन सैनिक यांनी गिटार्स फॉर व्हेट्स सुरू केलं, माजी सैनिकांना शिकवण्या मिळतात आणि शेवटी स्वतःची गिटार. ती थेरपी नाही, तसा दावाही नको, पण हॉस्पिटलमधून बाहेर पडल्यावर माणसाला आठवड्यातून एकदा कुठेतरी जायला कारण मिळतं, ही काही छोटी गोष्ट नाही. बहुतेक ठिकाणी खरा घोळ तिथेच होतो, डिस्चार्जच्या दिवशी सगळं तुटतं. आत असताना ग्रुप होता, ठरलेला दिवस होता, बाहेर आला की काही नाही. ऑनलाइन सेशन घेता येतात, घेतोही, लांब राहणाऱ्यांना आणि गर्दीत न येऊ शकणाऱ्यांना ते बरं पडतं, पण इंटरनेटवर आवाज पोचायला लागणाऱ्या थोड्याशा वेळामुळे दोघांना एकत्र तालात वाजवता येत नाही, म्हणून तिथे आलटून पालटून वाजवणं, गाणी लिहिणं, ऐकून बोलणं असं काम चालतं. ग्रुप ड्रमिंगची जागा ते घेऊ शकत नाही हे बजेट लिहिताना लक्षात असू द्या.

ड्युटीवरच्यांचा प्रश्न तर आणखी नाजूक. प्रमोशनची, पोस्टिंगची, हत्यार काढून घेतलं जाण्याची भीती असते, म्हणून ते मानसोपचाराच्या विभागाच्या दारासमोरून जायलाही बघत नाहीत. आमची खोली त्याच कॉरिडॉरमध्ये ठेवू नका, फिजिओच्या बाजूला ठेवा. आणि आमच्या नोटमधलं काय त्याच्या वरिष्ठाला दिसेल आणि काय नाही हे लेखी ठरवून पहिल्याच दिवशी त्याच्या हातात द्या, नंतर नाही.

खोली म्हटल्यावर सांगते, भांडार रिकामं करून दिलेली खोली नको. आतला आवाज बाहेर जाणार नाही आणि बाहेरचा आत येणार नाही अशी हवी, दोन दारं असली तर उत्तम, दिव्यांचा उजेड कमीजास्त करता यावा, कारण डोक्याला मार लागलेल्यांना लख्ख उजेड सहन होत नाही. वाद्यं फार महाग लागत नाहीत.

राहिली पोस्ट. जाहिरात काढाल तेव्हा "संगीत शिक्षक" किंवा "सांस्कृतिक समन्वयक" असं लिहू नका. अमेरिकेत या कामासाठी डिग्री, १२०० तासांचं क्लिनिकल ट्रेनिंग आणि वर बोर्डाची परीक्षा लागते, ब्रिटनमध्ये तर रजिस्ट्रेशनशिवाय स्वतःला म्युझिक थेरपिस्ट म्हणवून घेणं कायद्यानं चालत नाही. तेवढं शिकलेला माणूस तीन-तीन महिन्यांच्या कंत्राटावर टिकत नाही, आणि थेरपिस्ट दर तीन महिन्यांनी बदलला तर ज्यानं विश्वास ठेवायला आधीच सहा महिने घेतलेत तो पेशंट परत येत नाही. पोस्ट कायमची करा, पगार फिजिओथेरपिस्टच्या बरोबरीचा ठेवा, टीमच्या मीटिंगमध्ये खुर्ची द्या, आणि निवड समितीत एखाद्या अशा माजी सैनिकाला बसवा ज्यानं स्वतः ही थेरपी घेतलीये. उमेदवाराला काय विचारायचं ते त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

आपली,
सैनिकांबरोबर काम करणारी एक म्युझिक थेरपिस्ट